गुणपत्रिकेवरचं प्लास्टिक आणि कॉम्प्युटरची शेवटची सीट

विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घ्यायला एकटंच जावं, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. पण नव्वदच्या दशकात वळसारख्या गावातून पोरगी नाशिकपलीकडे निघाली म्हटल्यावर बाबा आदल्या दिवशीच दाढी करून तयार!

वडप्याच्या फाट्यावर सकाळची एसटी पकडलीत तर कसारा घाट छान उजेडात दिसतो. खिडकी मात्र धरा. आमची खिडकी बाबांच्या पिशवीने धरली होती, कारण तिच्यात माझे कागद होते. घोटीची कांदाभजी चुकवू नका. बाबांनी चुकवली. तेलकट हात कागदांना लागले तर?

कॉलेज दगडी, ऐसपैस. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांची रांग पाहून बाबांनी लांबूनच हात जोडले.

कॉम्प्युटरची शेवटची सीट माझ्या वाट्याला आली. खिडकीतल्या कारकुनांनी माझी गुणपत्रिका उलटीसुलटी केली.

"हिच्यावर प्लास्टिक कुणी चढवलं? मागे प्रवेशाचा शिक्का मारायचाय, शाई बसेल का यावर? दीडपर्यंत काय ते करा, नाहीतर सीट पुढच्याला."

बाबांनी निजामपुऱ्यातल्या दुकानातून कौतुकाने लॅमिनेशन करून आणलं होतं. "तो बोलला, चाचा, सौ साल कुछ नहीं होगा," ते पुटपुटले.

"कळत नाही तर हात कशाला लावता, बाबा?" मी सगळ्या रांगेसमोर ओरडले.

बाबांनी खिशातून ब्लेड काढलं. लूमच्या कारखान्यात कापडाचे सुटे दोरे कापायचं त्यांचं काम, त्यामुळे ब्लेड कायम खिशात. पायरीवर बसून त्यांनी मागच्या बाजूला शिक्क्याएवढा चौकोन कापला आणि नखाने प्लास्टिक सोललं. कागदाचा पापुद्रा निघाला, पण भोक पडलं नाही. मला रडू येत होतं. एक वीसला शिक्का बसला.

"शाई वाळू द्या," कारकून म्हणाले. बाबा स्टँडपर्यंत फुंकर घालत आले.

घरी आईने विचारलं, "झालं का काम?"

"झालं तं! पोरीनं एकटीनं केलं सगलं. मी नुसता पिशवी धरून उभा. काय अडचन न्हाय आली," बाबा म्हणाले.

मी इंजिनिअर झाले. तिथे शिकलेलं बरंचसं आता जुनंही झालं. रांगेत मी काय बोलले, ते बाबांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. म्हणून आज मी सांगतेय.