हळू म्हणणारं माणूस

माझ्या धाकट्या जावेच्या वाट्याला ‘हळू’ यायचं आणि माझ्या वाट्याला ‘दाब’. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बदलापूरला कात्रपमधल्या आमच्या घरात आम्ही दोघी जावा पंधरवड्याच्या अंतराने बाळंतीण झालो, तेव्हाची ही गोष्ट. मालिशवालीचा अंगठा आठवला की माझी पोटरी आजही आखडते.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली होती आणि वडिलांच्या घरी नुसते पुरुष. त्यामुळे माझं पहिलंच बाळंतपण सासरी आलं. जावेचं दुसरं, म्हणून तेही रीतीप्रमाणे सासरी. ती माझ्या मागून घरात आली आणि माझ्या आधी आई झाली. माझी कूस उजवेपर्यंत तिचं थोरलं अंगणात धावत होतं. म्हणजे हेवा करायला मी मालिशीची वाट बघत बसले होते असं नाही, तो आधीपासूनच मुक्कामाला होता.

मधल्या खोलीत जुन्या लुगड्याचा पडदा लावून दोन खाटा टाकल्या होत्या. एकीकडे मी, एकीकडे ती. तिची आई उल्हासनगरला राहायची. दर दोन-चार दिवसांनी ती यायची ती हात भरून. कधी तिथल्या कॅम्पातल्या बाजारातून आणलेला, पुढे बटणं असलेला मऊ गाऊन, कधी लेकीसाठी अळिवाची खीर. पडद्याआडून त्या मायलेकींची कुजबुज ऐकू आली की मी कूस बदलायची. माझ्या अंगावर नवऱ्याने अंबरनाथहून आणलेला गाऊन होता. तो कंपनीतून पाळी संपवून येताना घाईत घेतलेला, त्याची बटणं पाठीला होती. बाळाला पाजायचं तर पूर्ण गाऊन वर करा. पण नवऱ्याला काय सांगणार?

मालिशवाली बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून चालत यायची. चणीने लहान, पण हात असे की लाकूड फोडणाऱ्याला लाज वाटावी. ती आल्याबरोबर कोमट तेलाची वाटी समोर यायची, मी घोंगडीवर पालथी पडायची, आणि माझ्या उशाशी सासूबाई पाट घेऊन बसायच्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. आमच्याकडे बाळंतिणीने स्वतः मालिशवालीला काही सांगायचं नाही. उशाशी बसलेलं माणूस सांगणार आणि मालिशवाली तेवढंच ऐकणार. बाळंतिणीचं काम पडून राहायचं.

“दाब गं,” आत्याबाई म्हणायच्या. “अजून दाब. कंबर धरलीये तिची.”

मग तो अंगठा माकडहाडाच्या बाजूला घुसायचा तो थेट पोटातून बाहेर येईल असं वाटायचं. पोटऱ्यांवर ती कोपर ठेवायची. पाठीवर तर चक्क पाय देऊन उभी राहायची, वरून छपराचा वासा धरून. मी घोंगडीचं टोक दातांत धरायची. अंघोळीच्या वेळी मांड्यांवर हिरवेनिळे डाग दिसायचे. शेकाची शेगडी खाटेखाली सरकवली की कुठे जरा जीव थाऱ्यावर यायचा.

माझं झालं की पडदा सारून तीच बाई, तीच वाटी, तेच तेल घेऊन पलीकडे जायची. आत्याबाईही पाट उचलून पलीकडे जायच्या. जाऊ पहिल्या बोटालाच कळवळायची, “मेले, मेले!”

“हळू गं,” आत्याबाई म्हणायच्या. “बेतानं घे. नाजूक आहे ती.”

नाजूक! माझ्यापेक्षा दोन घमेली जास्त माती उचलणारी बाई ती. भात लावणीला माझ्या पुढे असायची. मी इकडे पालथी पडून ऐकत राहायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुखायचं त्याचं मला एवढं काही नव्हतं. बाईमाणूस दुखणं सोसतंच. पण माझ्यासाठी एकदा, फक्त एकदा कोणीतरी ‘हळू’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ते न मिळण्याचं कारण काय, ते मी दिवसभर शोधत बसायची. मुलगी झाली म्हणून म्हणावं, तर मुली दोघींनाही झाल्या होत्या.

आधी वाटलं, माझा नंबर पहिला म्हणून मालिशवालीचे हात ताजे असतात, जावेपर्यंत पोचेस्तोवर ते दमतात. मी कुरकुर करून नंबर बदलून घेतला. दुसऱ्या दिवशी जावेचं आधी झालं. पडद्याआडून ऐकलं, तर हात लोण्यासारखा फिरत होता. आणि माझी पाळी आली तेव्हा मालिशवाली बोटं मोडत म्हणाली, “आता हात कसा तापलाय बग.”

मग मी दुसरा उपाय केला. तिला फितवायचं ठरवलं. माझ्या वाटणीचे डिंकाचे लाडू आत्याबाई मोजून डब्यात ठेवायच्या. त्यातले दोन मी बाळाच्या दुपट्यात लपवून, आत्याबाई यायच्या आत तिच्या हातावर ठेवले. तिने एक तिथेच तोंडात टाकला, दुसरा कनवटीला लावला, आणि तोंड भरून हसली. आता हिचा हात हलका होणार, मी मनात म्हटलं. कसलं काय! त्या दिवशी तिने मला असं रगडलं की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेवटी रीत मोडून मीच कण्हत विचारलं, “अगं बाई, आज एवढं का?”

“तू मला लाडू दिलास ना बाय,” ती म्हणाली. “मंग मी हातचं राखीन व्हय? आमी खाल्ल्या घराचं काम अर्दं नाय करीत.”

म्हणजे स्वतःचे लाडू खाऊ घालून मी स्वतःचीच हाडं मोडून घेतली होती. पलीकडून जाऊ खुदकन हसली. ते हसणं मला अंगठ्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी लाडू दिला नाही, पण हात काही उतरला नाही. तिला माझी गोडी लागली होती, आता ती मला आपली समजत होती. “दाब गं,” उशाशी आत्याबाईंचं सुरूच. कोपर पोटरीवर आलं आणि माझा बांध फुटला. मी घोंगडीवरून उठून बसले, तेलाची वाटी कलंडली, आणि मी रडत ओरडले, “आत्याबाई, तिच्या वेळी हळू आणि माझ्या वेळी दाब! मी काय परक्याची आहे? तिच्यावर माया करता आणि मला बडवून घेता?”

मालिशवालीने कलंडलेली वाटी सरळ केली. पडद्यापलीकडचा पाळणाही थांबला. आत्याबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना खरंच काही कळेना.

“तिची कशाला काळजी करू मी?” त्या म्हणाल्या. “सव्वा महिना झाला की ती आईकडे जाईल. तिची आई आहे ना. ती दाबून घेईल, शेक देईल, लेकीची कंबर बघेल. तुझी कोण बघणारे? मीच ना? जे काय करायचं ते मला या सव्वा महिन्यात करून घ्यायचंय. उद्या भाताचा भारा उचललास आणि कंबर राहिली, तर तू कोणाच्या दारात जाशील?” मग म्हणाल्या, “माझी कोणी दाबली नव्हती. म्हणून आज खाली बसले की उठायला भिंत लागते.”

राग तर आलेला होताच, तो कुठे ठेवावा ते कळेना. आणि त्या रागाखाली एक अशी गोष्ट हलली की मला आणखीच रडू आलं. इतके दिवस मी ज्याच्यावर जळत होते ते ‘हळू’ म्हणजे नुसती पाहुण्याची सरबराई होती. घरचं जे काही होतं ते माझ्या पाठीवर पाय देऊन उभं होतं.

पण दुखायचं ते दुखतच होतं. मी नाक पुसलं आणि हट्टाने म्हटलं, “मग तुम्हीच दाबा.”

“मला कुठं येतं?”

“मला नाही माहीत. तुम्हीच,” म्हणत मी पुन्हा पालथी पडले.

मालिशवालीने हसत उरलेलं तेल त्यांच्याकडे सरकवलं. आत्याबाई भिंत धरून उठल्या आणि माझ्या कमरेशी येऊन बसल्या. त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेले होते, मूठ पुरती वळायची नाही. मालिश म्हणून त्यात काही दम नव्हता. तेल कुशीवरून घोंगडीवर ओघळत होतं, आणि हात एकाच जागी फिरत होता, झोपत नसलेल्या पोराला थोपटावं तसा. मालिशवाली म्हणाली, “अशानं काय व्हनार नाय बाय.” आत्याबाईंचा हात फिरतच राहिला.

मी गालाखाली हात घेतला. एवढ्यात पडदा हलला. जाऊ लेकीला खांद्यावर टाकून उभी होती, तिच्या त्या मऊ गाऊनमध्ये. आत्याबाईंच्या हाताकडे ती बघत होती. तो चेहरा मी लगेच ओळखला. इतके दिवस तो माझाच होता.

“आत्याबाई,” ती बारीक आवाजात म्हणाली, “मला पण लावा ना थोडं.”

आत्याबाईंचा हात थांबला. त्या काही म्हणायच्या आत मी मान न उचलताच बोलले.

“तुला तुझी आई आहे,” मी म्हटलं, आणि डोळे मिटून घेतले.