खालच्या वळणापर्यंत

वडगाव रासाईच्या खालच्या अंगाला, भीमेच्या काठी, भोयांची थोडी घरं होती. त्यांतल्या म्हाळूची नाव होती. पलीकडं दौंड तालुक्यात बाजाराला, सोयरिकीला जाणारी माणसं तो उतरवायचा. चौऱ्याण्णव सालच्या श्रावणात वरच्या धरणांतून पाणी सोडलं. नाव सुटून जाईल म्हणून म्हाळू दुसरा दोर घेऊन काठावर गेला, तो परत आला नाही. नाव जागच्या जागीच राहिली. म्हाळू सापडला खालच्या वळणावर, ओढा नदीला मिळतो तिथं, चिलारीच्या काटेरी जाळीत अडकलेला.

त्याची बायको अनसाबाई तेव्हा तिशीची होती. तिला वळणावर नेलं. तिनं त्याच्या पायांकडं पाहिलं, "त्येच हायेत" म्हणाली आणि मागं फिरली. संध्याकाळी शेजारणी रडत होत्या आणि ती चुलीपुढं नुसती बसली होती.

"रडू द्या तिला, मोकळी हुईल," कुणी तरी म्हणालं.

ती रडली नाही. पूर ओसरल्यावर पलीकडून माणसांनी हाका मारल्या, तशी उठली आणि तिनं नाव सोडली. बाईमाणूस वल्हं मारतंय म्हणून काही दिवस गावात बोलणं झालं, मग त्याचीही सवय झाली. लेक भाग्यश्री शाळेत जायची. तिलाही आईच्या गप्प बसण्याची सवय झाली.

पुढं वरच्या अंगाला पूल झाला आणि उतारू संपले. अनसाबाई खुरपायला जाऊ लागली. नाव काठावरच्या करंजाखाली पडून राहिली, ती दोन हजार चारच्या सुमारापर्यंत. त्या सुमारास गावातले बागायतदार बापूसाहेब यांनी नदीकाठच्या रानात पर्यटन केंद्र काढलं. गवतानं शाकारलेल्या खोल्या, चिंचेला झोके, बैलगाडीची फेरी, हिवाळ्यात हुरडा. त्यांनी अनसाबाईला बोलावून घेतलं.

"नाव डागडुजी करून देतो. तू चालव. पुण्याची माणसं येतील, त्यांना नदी दाखवायची."

नावेला निळा रंग लागला. शनिवार-रविवारी माणसं यायची, लाल जाकिटं घालून नावेत बसायची, बंधाऱ्यानं तुंबलेल्या पाण्यात हात घालायची. पलीकडच्या उथळ पाण्यात चित्रबलाक पक्षी उभे असायचे, त्यांचे फोटो काढायची. बापूसाहेब नाष्ट्याच्या वेळी पाहुण्यांना सांगायचे, "ही बाई साधी न्हाई बरं का. मालक याच नदीत गेला, तरी हिनं वल्हं सोडलं न्हाई."

एकदा नावेत बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "कुठे घडलं हो ते, मावशी?"

नाव तेव्हा करंजासमोर होती. अनसाबाईनं वल्ह्यानं तिथलंच पाणी दाखवलं. "हितं."

बाईंनी पाण्यातला हात चटकन वर घेतला.

बापूसाहेबांच्या कानावर ते गेलं. "करंजापाशी जरा थांबत जा," ते म्हणाले. "माणसांना ऐकायचं असतं." तेव्हापासून ती थांबू लागली. पाणी कसं सोडलं, मालक दोर घेऊन कसे गेले, हे ती दर फेरीला त्याच शब्दांत सांगायची. पाहुणे ऐकायचे, मग कुणाला तरी पक्षी दिसायचा. सांगताना तिला काही वाटत नसे. पलीकडच्या गावाचं नाव सांगावं तसं ती सांगायची.

भाग्यश्रीचं लग्न वरवंडला झालं होतं. जावई सतीश कुरकुंभला कंपनीत होता. एका हिवाळ्यात त्यानं आपल्या खात्यातली माणसं हुरड्याला आणली. भाग्यश्रीही त्यांच्याबरोबर आईच्या नावेत बसली. करंजापाशी नाव थांबली आणि अनसाबाईनं लेकीसमोर तेच सगळं सांगितलं. सतीश खाली बघत राहिला. मागं बसलेल्या एकानं पाण्याचा फोटो काढला.

माणसं हुरड्याकडं गेल्यावर भाग्यश्री काठावरच थांबली.

"आये, आप्पा हितं न्हाई सापडले."

"व्हय."

"मग का सांगतीस असं?"

"त्यांनी कुठं म्हणून इचारलं. मी दावलं." अनसाबाई वल्ह्याची सुतळी आवळत होती. "खालचं वळण लांब पडतं." गाठ मारून म्हणाली, "आन् तिथं या माणसांचं काय काम?"

भाग्यश्री परत नावेत चढली. "मला तिथं ने."

दोघी खाली गेल्या. तिथली चिलार कुणी तरी तोडली होती. वीटभट्टीसाठी माती नेल्यानं काठ खचला होता, पाण्यात मोटारींचे पाइप सोडलेले होते.

"कुठं?" भाग्यश्रीनं विचारलं.

"हितं."

भाग्यश्री पदरात तोंड घालून रडू लागली. अनसाबाई वल्हं रोवून नाव धरून बसली. आपल्यालाही काही येईल म्हणून तिनं वाट पाहिली. मोटारींचा आवाज ऐकू येत होता. नावेच्या तळात थोडं पाणी झिरपलं होतं.

"तुला काईच वाटत न्हाई का गं?"

"मला कळत न्हाई. तवा वाटलं, रडू मागनं येईल. मग न्हाईच आलं."

भाग्यश्रीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो बाजूला न करता अनसाबाईनं नाव वळवली.

संध्याकाळी ती बापूसाहेबांकडं गेली. "नाव चालवीन. पर ते सांगणार न्हाई आता."

"कुणी काय बोललं का?"

"न्हाई."

"बरं," ते म्हणाले. पुढच्या रविवारी सवयीनं ते पाहुण्यांना "ही बाई…" म्हणाले आणि थांबले. मग ज्वारीच्या वाणांबद्दल बोलत राहिले.

त्यानंतर दोनेक हिवाळे नाव चालली. मग पाण्यावर जलपर्णी इतकी दाटली की वल्हं रुतायचं. अनसाबाई केंद्रावर भाकरी थापू लागली आणि लेकीचं बाळंतपण आलं तेव्हा वरवंडला गेली, ती तिथंच राहिली.

एकदा वडगावात लग्न होतं म्हणून नातीला घेऊन तिघं आली. नाव केंद्राच्या फाटकाशी आणून ठेवली होती, आत माती भरून झेंडू लावला होता. दोन मुली नावेशेजारी उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या. सतीशनं हळूच विचारलं, "मामी, वाईट वाटतं का?"

अनसाबाईनं फळीला हात लावून पाहिला.

"माती लई ओली हाय. बूड कुजंल," ती म्हणाली.

मांडवात पंगत बसत होती. नातीला कडेवर घेऊन ती त्यांच्यापुढं चालू लागली.