ट्रेमधले दोन प्याले

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर दोन वर्षं नुसता वाचत होतो, लिहितोय आज पहिल्यांदाच. आधीच सांगून टाकतो, भूत, चकवा, हडळ असल्या भानगडींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. बावीस वर्षं एसटीत कंडक्टर आहे. बीड जिल्ह्यातला एक घाट नाही जिथून मी अंधारात गेलो नाही. पांढऱ्या साडीतल्या बाया मलाही लई भेटल्या, पण सगळ्यांनी तिकीट काढलं आणि आपापल्या स्टॉपला उतरून गेल्या. तुमचे अनुभव वाचून मी हसायचो… खोटं कशाला बोलू.

आता हसत नाही. थकलोय, खरं सांगायचं तर. ही गोष्ट पोटात ठेवून जास्तच थकायला होतं, म्हणून लिहून मोकळा होतो.

आम्ही केजला राहतो. ख्रिस्ती आहोत, आजोबांच्या पिढीपासून. गावाच्या कडेला आमचं एक छोटं दगडी चर्च आहे, वर पत्रे, कंपाउंडात सीताफळाचं एक झाड. घरं मोजून तेरा. स्वतःचा पाळक नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शेजारच्या तालुक्यातून पाळकसाहेब मोटरसायकलवर येतात आणि त्या दिवशी प्रभुभोजन असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – येशूनं मरणाच्या आधी शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं, त्याची आठवण म्हणून आम्ही भाकरीचा एक तुकडा खातो आणि द्राक्षरसाचा छोटा प्याला पितो. द्राक्षरस म्हणजे आमच्याकडं काळे मनुके भिजवून, उकळून, गाळून काढलेलं पाणी. ते माझी बायको सुमन शनिवारी करते. प्याले भरायचं काम माझं, कारण मी मंडळीचा पंच आणि त्यातून कंडक्टर. मोजायचं काम निघालं की सगळे माझ्याकडंच बघतात.

प्रभुभोजन घ्यायचा हक्क असलेली माणसं आमच्यात चोवीस, पाळकसाहेब धरून. म्हणजे प्याले चोवीस. काचेचे, अंगठ्याएवढे. त्यांच्यासाठी भोकं पाडलेला ॲल्युमिनियमचा एक जुना ट्रे आहे. रस उरू द्यायचा नाही अशी आमच्याकडं पद्धत. उरलाच तर मोरीत टाकता येत नाही, झाडाच्या बुडाशी ओतावा लागतो. त्यामुळं मी माणसं मोजून तेवढेच प्याले भरतो. मागच्या दारातून गाडीत एक नजर टाकली की किती पॅसेंजर आहेत ते सांगणारा माणूस मी, चोवीसमध्ये काय चुकणार?

आता क्रम ऐका. आधी पाळकसाहेब एक प्याला उचलतात. मग मी ट्रे पुरुषांच्या बाजूला फिरवतो. मग बायांच्या पहिल्या रांगेत देतो, तिथून तो हातोहात मागं जातो. सगळ्यात शेवटी, दाराजवळ, सुमन बसते. ती ट्रे माझ्या हातात देते. त्यात एकच प्याला उरलेला असतो, माझा. तो घेऊन मी पुढं येतो आणि मग सगळे एकदम पितात.

मागच्या वर्षी सीताफळं पिकायच्या दिवसांत एका रविवारी सुमननं ट्रे हातात दिला. मी वळलो, दोन पावलं टाकली, खाली बघितलं – ट्रे रिकामा. एकही प्याला नाही.

मला वाटलं, मोजण्यात चुकलो. लाज वाटली, पण काय करता… रिकामी मूठ तोंडाशी नेली आणि प्यायल्यासारखं केलं. नंतर रिकामे प्याले गोळा करून धुवायला घेतले. बावीस, तेवीस, चोवीस. चोवीसच्या चोवीस! प्रत्येकाच्या तळाला लाल थेंब. म्हणजे मी बरोबर भरले होते आणि सगळे प्यायले गेले होते. मग माझ्या वाट्याचा कोणी प्यायला? म्हातारा तुकारामभाऊ तसा खोकला झाला की काहीही पितो, म्हणून आळ मी मनातल्या मनात त्याच्यावर घेतला.

दुसऱ्या महिन्यात मी त्याच्यावरून नजर हलवली नाही. त्यानं एकच घेतला बिचाऱ्यानं. बाकीच्यांनीही, मला दिसले तेवढ्यांनी, एकेकच. आणि माझ्या हातात ट्रे आला तो रिकामा. धुताना मोजले – चोवीस.

तिसऱ्या महिन्यात तेच. तुम्ही म्हणाल, एक जादा भरायचा की राव. ते माझ्याही डोक्यात आलं होतं. पण हिंमत झाली नाही. जादाचाही गेला असता तर?

इथं मला एक गोष्ट सांगावी लागते, नाहीतर हे सगळं लिहिणं खोटं. आष्टीकडच्या एका गावाला आमची मुक्कामाची गाडी जाते. संध्याकाळी जायचं, रात्री तिथंच राहायचं, सकाळी गाडी घेऊन परत. गावात एक बाई ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण करून घालायची. नवरा वारलेला. तिचं नाव लिहीत नाही, तिचा यात काही दोष नाही. तिला कोणी नव्हतं. मला होतं, घरी, लग्नाला सत्तावीस वर्षं झालेलं. दीड वर्ष मी ती ड्युटी मागून मागून घेत होतो. एवढंच सांगतो, पुढचं तुम्हाला कळतंय.

प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब सगळ्यांना गप्प बसायला लावतात. कोणाशी वैर असेल, मनात झाकलेलं पाप असेल, तर आधी ते निस्तरा, मगच प्याल्याला हात लावा, असं सांगतात. दोन मिनिटं. दीड वर्ष ती दोन मिनिटं मी हातातल्या घड्याळाकडं बघत काढली. आमचं लग्न त्याच चर्चमध्ये लागलेलं. मी ट्रे घेऊन जिथं उभा राहतो, बरोबर तिथंच उभं राहून मी मरेपर्यंत एकनिष्ठ राहीन म्हणालो होतो. नवरदेव होतो तेव्हा आवाज लई खणखणीत होता माझा.

तिसऱ्या वेळेनंतर मी पाळकसाहेबांना गाठलं. ते माझ्या पोराच्या वयाचे, मला काका म्हणतात. मोटरसायकलला किक मारत होते, त्यांना थांबवून प्याल्याचं सांगितलं. बाईचं नाही सांगितलं.

त्यांनी हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. मग म्हणाले, "काका, प्याला कुठं गेला ते मला न्हाई सांगता येणार. पण आला असता, तर तुमी घेतला असता का?"

"कावून नसता घेतला?" मी जरा तडकूनच बोललो.

"मग झालं," म्हणाले आणि गेले.

त्या दिवशी उपदेशही त्यांनी असाच काहीसा केला होता – देव लपतो का? माणूस हाका मारतो आणि तो तोंड दाखवत नाही, असं का? मी मागं बसून मनात म्हणत होतो, खरं हाय, पन्नास वर्षांत मला तरी कधी दिसला नाही. पाळकसाहेब म्हणाले, पाप करून बागेत आधी झाडामागं लपला तो आदाम, पहिला माणूस. देव तर त्याला हाका मारत फिरत होता. हे ऐकून मला राग आला. का आला ते तेव्हा कळलं नाही.

चौथ्या महिन्यात ट्रे रिकामा आला तेव्हा मला घाम फुटला. थंडीचे दिवस, आणि शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानंतर मला धड झोप लागेना. गाडीत पॅसेंजर मोजायचो आणि परत मोजायचो. ती ड्युटी बदलून घेतली. त्या गावाला दिवसाच्या गाडीनं एकदा गेलो आणि त्या बाईला सांगितलं की आता येणार नाही. ती म्हणाली, "बरं." तिला आणखी काय बोलायला मी जागा ठेवली होती?

राहिली सुमन. पुढच्या प्रभुभोजनाचा आदला शनिवार, दुपारची वेळ. ती ओट्यापाशी उभी राहून फडक्यातून मनुके पिळत होती. हात मनगटापर्यंत लाल. मी दारात उभं राहून सांगितलं. सगळं. सांगताना तिच्या हाताकडंच बघत होतो, तोंडाकडं बघवेना.

ती पिळायची थांबली नाही.

"माहीत हाय," म्हणाली.

"कधीपासनं?"

"वर्ष झालं. मुक्कामाहून आलं की तुमचा डबा राखेनं घासलेला यायचा. लखलखीत. आपल्या घरात गॅस आल्यापासनं राख हाय का कुठं? पुरुषमाणूस डबा घासतोय व्हय, आन् तोबी राखेनं?"

दीड वर्ष मी फोन लपवला, शर्टाचे खिसे तपासले, आणि डबा रोज तिच्या हातात नेऊन देत होतो!

"बोलली का न्हाईस मग?"

"मी कावून बोलू? पाप तुमी करायचं आन् तोंडबी मीच उघडायचं?" आता तिनं माझ्याकडं बघितलं. "आन् आज तरी मला कुठं सांगताय? चार महिने प्याला आला न्हाई असं तुमच्या मनानं घेतलंय म्हणून सांगताय. पाळकसाहेबांनी विचारलं मला, काका प्याला येत न्हाई म्हणतात, तब्येत बरी हाय का म्हणून. देवाला भ्यालात तुमी. मला कवाच भ्याला न्हाईत."

मी दारातच खाली बसलो.

मग ती हात धुवायला लागली आणि पाठमोरीच म्हणाली, "मीबी चार महिने घेतला न्हाई."

"काय?"

"प्याला. आधी घेत होते, मग गिळवेना. तुमच्यावर एवढा राग घेऊन कशी पिऊ? ट्रे आला की प्याला न उचलता तसाच तुमच्या हातात देत होते. माझा आन् तुमचा, दोनी त्यात असायचे."

मला आधी समजलंच नाही. मग उठून तिच्याजवळ गेलो. "सुमन, माझ्या हातात ट्रे खरंच रिकामा यायचा."

"उगं कायबी बोलू नका."

"शपथ."

"देवाची शपथ घेऊ नका, त्याला तरी सोडा. मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत. दोन भरलेले प्याले. चारी वेळेला."

हिशोब करा तुम्हीच. चोवीस भरले. प्यायले बावीस जण. तिच्या हातात असताना ट्रेमध्ये दोन, माझ्या हातात शून्य, मध्ये दोन पावलं. आणि धुताना चोवीस प्याले, चोवीसही वापरलेले. मी ते स्वतः धुतलेत. चार महिन्यांचे आठ प्याले… चार माझे, चार तिचे. ते कोणी प्यायले?

एवढं झाल्यावर भांडायचं तर भांडायला हवं होतं. पण दोघांनाही घाबरल्यासारखं झालं होतं, त्यामुळं भांडणही नीट झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ट्रे हातात दिला. त्यात दोन प्याले होते. भरलेले, जिथल्या तिथं. मी ते कितीतरी वेळ बघत राहिलो. एक तिचा, एक माझा. माझा मी उचलू शकलो असतो, कबुली देऊन झाली होती. पण तिचा तसाच असताना कसा उचलणार? उपासना संपल्यावर दोन्ही सीताफळाच्या बुडाशी ओतले.

पुढं सात महिने असंच. दर पहिल्या रविवारी दोन उरायचे आणि मी ते झाडाला घालायचो. सुमन माहेरी गेली नाही, कोणाला काही बोललीही नाही. माझं अंथरूण तेवढं बाहेरच्या खोलीत गेलं. डबा मी स्वतः घासायला लागलो, विम बारनं. जेवायला वाढायची, मीठ हवं का विचारायची, त्याच्या पलीकडं शब्द नाही. मी रोज प्रार्थना करायचो. उत्तर म्हणाल तर काही नाही. ना आवाज, ना स्वप्न. त्या आठ प्याल्यांच्या वेळी जो कोणी आमच्या इतक्या जवळ येऊन गेला, तो परत फिरकला नाही. त्या महिन्यांत कधीकधी वाटायचं, ट्रे रिकामा यायचा तेच बरं होतं.

गेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सुमननं ट्रे पुढं केला. खाली बघितलं तर एकच प्याला. परत सुरू झालं, मनात म्हटलं. मग तिच्याकडं बघितलं. दुसरा तिच्या हातात होता.

मी तसाच उभा. पुढं सगळे प्याले हातात धरून ताटकळलेले.

"बघताय काय," ती हळूच म्हणाली, "उचला की. मंडळी थांबलीत."

उचलला. रस जरा करपट लागला, शनिवारी गॅसवर जास्त वेळ राहिला असणार. वर्षभरानं पीत होतो. डोळ्यांतून पाणी आलं ते तुकारामभाऊनं बघितलं आणि पाठीवर थाप मारली, त्याला वाटलं ठसका लागला.

स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. पाळकसाहेबांना आता सगळंच सांगितलंय, त्यांच्याकडंही नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर लिहा, फक्त भूत म्हणू नका.

त्या दिवशी घरी जाताना मी सुमनला विचारलं, "माफ केलंस का मला?"

"न्हाई अजून," ती म्हणाली.

"मग प्याला कसा घेतलास?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "चार महिने कुणीतरी आपल्या दोघांच्या वाट्याचं प्यालं. त्याच्यावर आनखी किती दिवस ढकलायचं?"