हँडिकॅपचे मालक

नव्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून ते विचारायचे, "किती देऊ तुला?" तुम्ही भेटला असता तर तुम्हालाही विचारलं असतं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि दुष्काळ चालू होता. मी पाणीपुरवठ्यात नवा इंजिनिअर. दिवसभर गावोगाव टँकर धाडायचो. साहेबलोकांनी शहराबाहेरच्या माळावर गोल्फ सुरू केलं होतं. गवत नव्हतंच. प्रत्येक खळग्याभोवती जळक्या ऑइलात कालवलेली वाळू पसरलेली. "किती देऊ" विचारणारे ते आमच्या खात्यातले वरिष्ठ, तिथले सेक्रेटरी. कुणाला किती हँडिकॅप, हे तेच ठरवत.

हँडिकॅप तसा सोपा. नऊ खळगे छत्तीस फटक्यांत व्हावेत असं मैदान. तुम्हाला शेहेचाळीस लागत असतील तर सामन्यात दहा वजा होतात. मग कच्चा गडीही पक्क्याशी बरोबरीनं खेळतो. मात्र त्यासाठी आधीच्या खेळांची कार्डं बघावी लागतात.

माझं एकही कार्ड न बघता त्यांनी मला सगळ्यात जास्त फटक्यांचा हँडिकॅप दिला. "घे. तुमच्या लोकांना सवलतीची सवय असते." मी बौद्ध, हे त्यांना माहीत होतं. चारचौघे हसले. त्या संध्याकाळी मनात बसलेली अढी अजून गेलेली नाही.

मी हट्टानं खेळ सुधारला, कार्डं नेऊन दिली. ते "बघू" म्हणत आणि बाजूला ठेवत. स्वतः मात्र स्पर्धा जवळ आली की वीतभर अंतरावरून चेंडू चुकवायचे. "हात चालत न्हाई रे आजकाल," म्हणायचे. त्यांचा हँडिकॅप वाढायचा आणि चषक त्यांच्याच घरी जायचा. सगळ्यांना कळत होतं. पण आमचे गोपनीय अहवाल तेच लिहीत.

ते निवृत्त होऊन लातुरातच राहिले. पुढं मी सेक्रेटरी झालो. त्यांच्या जिंकलेल्या खेळांची कार्डं काढून मी त्यांचा हँडिकॅप निम्म्यावर आणला. आनंद झाला, लपवत नाही.

काही वर्षांनी एका सकाळी ते आले. "थोडे वाढव. हात चालत न्हाई." बाकावरचे सगळे हसले. मलाही ते जुनंच सोंग वाटलं. म्हटलं, माझ्यासमोर खेळून दाखवा.

पहिल्याच खळग्याशी चेंडू हातभरावर होता. त्यांनी काठी टेकवली आणि ती थरथरायला लागली. चेंडू बाजूनं गेला. परत मारला, परत गेला. वाळूत चेंडूच्या रेघाच रेघा उमटल्या.

"हे लिहू नको," ते हळू आवाजात म्हणाले.

"लिहावं लागेल, साहेब. त्याशिवाय वाढत नाही."

मी एकूण एक फटका लिहिला. वाळू सारखी करायची फळी त्यांनी उचलली आणि त्या रेघा पुसायला लागले. पण फळीखाली नव्याच रेघा उठत होत्या. मागची जोडी खोळंबली होती. मी हातानंच त्या दोघांना थांबायची खूण केली.

त्यानंतर ते माळावर आले नाहीत.