ओहोटीची भरती

मी ठाण्याच्या सेशन कोर्टात दुभाषा होतो. मुंबईहून एक आयरिश बॅरिस्टर खटले लढायला येई. उंच, तांबूस केसांचा, बोलायला गोड. त्याला क्रिकेटचं वेड. साहेबलोकांच्या सामन्यांत धावा लिहायला तो मलाच बसवी, कारण माझं अक्षर चांगलं. मला त्याचा अभिमान वाटे.

एका शुक्रवारी बाळकुमच्या मिठागरावरचा खटला उभा राहिला. मुकादमानं तिथल्या बांधावर एका मजुराला फावड्यानं मारलं होतं, त्यात तो गेला. पाहणारी एकटी त्या मजुराची बायको. मुकादमाचा वकील हा बॅरिस्टर.

"हे केव्हा घडलं?" त्यानं विचारलं.

"पानी फिरलं तवा," ती म्हणाली.

तिची बोली मला धड येत नव्हती, आणि तसं कबूल करायची लाज. मी इंग्रजीत सांगून टाकलं, भरतीच्या वेळी.

"पोलिसांना हिनं ओहोटी सांगितली," बॅरिस्टर म्हणाला. "भरतीत त्या बांधावर गळ्याइतकं पाणी असतं. ही काय पोहत पोहत बघत होती?"

कोर्ट हसलं. मी ते तिला मराठीत सांगितलं तशी ती माझ्याकडे वळली. "दादा, मी भरती नाय बोल्ले. पानी परत फिरलं, व्होटी लागली."

"काय म्हणते?" जज्जसाहेबांनी विचारलं. आधीच्या दुभाष्याला त्यांनी एका चुकीपायी भर कोर्टातून हाकललं होतं.

"नक्की आठवत नाही म्हणते," मी म्हणालो.

मुकादम सुटला. खोट्या साक्षीबद्दल बाईलाच कोठडीत घातलं.

दुसऱ्या दिवशी सामना होता. बॅरिस्टर रंगात असताना चेंडू त्याच्या बॅटला पुसटसा लागून मागे झेलला गेला. अंपायरला काही कळलं नाही. बॅरिस्टर मात्र "लागला होता" म्हणत आपणहून निघाला. टाळ्या पडल्या. मला वाटलं, या माणसाला सांगता येईल. तंबूत तो पॅड सोडत होता, तिथं जाऊन मी सगळं सांगितलं.

"मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "तिच्या तोंडावरून. आमच्या आयर्लंडातही लोकांची भाषा वेगळी आणि कोर्टाची इंग्रजी, म्हणून तिथंही दुभाषे असतात. माझ्या आजीची जमीन अशाच एकानं घालवली."

"मग साहेब, तुम्ही जज्जसाहेबांना..."

"इथली विकेट माझी. तिथली अशिलाची. आणि तू का नाही सांगत?"

मी त्याचं सोडलेलं पॅड उचलून कडेला ठेवलं.

"बघ," तो हसून म्हणाला. "जा, धावा लिही."

तिच्या खटल्यातही दुभाषा मीच. पिंजऱ्यातून माझ्याकडे बोट करून ती ओरडली, "ह्यो खोटं सांगतो!" मी इंग्रजीत म्हणालो, "चूक झाली म्हणते." तिला वर्षाची सक्तमजुरी झाली.

त्याच सुमारास मला कल्याणच्या कोर्टात बढती मिळाली. शिफारसपत्र बॅरिस्टरनं दिलं, आणि मी ते घेतलं. पुढं तो मायदेशी गेला. बाई सुटून आली ती पुन्हा त्याच मुकादमाच्या हाताखाली मीठ ओढायला लागली, असं कानावर आलं. बाळकुमकडे मी कधी फिरकलो नाही.