वाटीखालचा फासा

किस्से कुणी जमवत नाही हो, ते मागं लागतात. कंपनीच्या गेटपासून खोलीपर्यंत कुत्री मागं लागतात तसे! एकाला हाड् म्हणावं तर त्याच्या मागून दुसरं येतं. आमच्या गुरुवारच्या खेळाचं तसंच झालंय. घरी गेले की कुणीतरी विचारतंच, "काय गं सुवर्णा, अजून फासे खेळतेस का?" एक किस्सा सांगायला बसते, आणि उठेपर्यंत चहा गार झालेला असतो.

आधीच सांगते, पैसे लावून खेळत नाही. खेळ साधा आहे. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. डोंगर, किल्ले, राक्षस, गुहा, सगळं तोंडी. "मी दार उघडते," असं म्हणायचं. उघडलं की नाही ते फासा ठरवतो. बस्स.

आमच्याकडं एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी, आणि मेंटेनन्सच्या नावाखाली लाईट जाते तीही गुरुवारीच. टीव्ही बंद, मोबाईल मेलेला, पंखा गप्प. मग माणसानं करायचं काय? आम्ही राक्षस मारायचो.

*

खेळायला बसायचो वरवंडला, विकासच्या फुलांच्या शेडमध्ये. विकास शेवंती आणि झेंडू करतो. मी आणि माझी रूममेट प्राजक्ता, दोघी कारेगावहून स्कूटीवर न्हावऱ्याला यायचो. तिथून पुढं शिरूरच्या इरफानभाईंच्या गाडीत. गोष्ट सांगायचं काम इरफानभाईंचं. त्यांचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे आणि ते गुरुवारी बंद असतं! मी एकदा विचारलं, "भाई, लाईट जाते त्याच दिवशी दुकान बंद?"

"ताई, लाईट गेली की गिऱ्हाईकाला इन्व्हर्टर आठवतो. घ्यायला ते शुक्रवारी येतं. तवर लाईट आलेली असती, आन् ते चहा पिऊन जातं."

खेळ कुठला खेळायचा यावर मात्र आमची कायम जुंपायची. इरफानभाईंना आणि मला जाड्या पुस्तकाचा खेळ आवडतो. वीस बाजूंचा फासा आणि प्रत्येक गोष्टीला नियम. घोड्यावरून पडलं तर किती लागतं, ओल्या दोरीला किती वजन पेलतं, सगळं लिहिलेलं! मी कंपनीत क्वालिटीला आहे, मला मोजमाप नसलं की मळमळतं. प्राजक्ता म्हणायची, "हा खेळ आहे की ऑडिट?" तिला पातळ पुस्तकाचा खेळ हवा. दोन साधे फासे, नियम जेमतेम पानभर, ज्याला जे दिसेल ते त्यानं सांगायचं. विकासचं काहीच म्हणणं नसायचं. तो कुठल्याही खेळात पहारेकरीच व्हायचा. सगळे झोपले की जागा राहणारा.

विकासचे वडील, आप्पा, दारातून बघत उभे राहायचे. एकदा म्हणाले, "ह्यात जिंकतं कोण?"

"कुणीच न्हाई, आप्पा," इरफानभाई म्हणाले.

"मग संपतं कवा?"

"संपत न्हाई."

आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मग शेतीच हाय की ही!"

*

हा खेळ आमच्यात आणला विकासच्या धाकट्या भावानं, नवनाथनं. पुण्याला हॉस्टेलवर शिकून आला आणि रांजणगावात नोकरीला लागला. खेळात तो वाटाड्या असायचा, जंगलातली वाट काढणारा. खरं सांगायचं तर त्याला वरवंडच्या बाजारातून घरी नीट येता यायचं नाही, गप्पा मारत कुठंही जाऊन बसायचा. काकू म्हणजे त्याची आई ओरडायची, "वाटाड्या म्हणं! आधी घरची वाट धर!"

त्याची शिफ्ट सारखी बदलायची, म्हणून एक नियम त्यानंच काढला. जो आला नाही, त्याचा माणूस तळावर झोपलाय असं समजायचं. झोपलेल्याला मारायचं नाही. त्याच्या वतीनं बोलायचं नाही. त्याला उठवायचंही नाही, तो आला की आपला आपण उठेल. आणि त्याचा फासा त्याच्या जागेवर वाटीखाली झाकून ठेवायचा.

प्राजक्ता बहिणीच्या लग्नाला गेली होती, तेव्हा आम्ही तिच्या मांत्रिकिणीला झोपलेली तशीच गाढवावर घालून तीन गावं फिरवली. परत आल्यावर तिनं वाटी उचलली आणि म्हणाली, "मी उठले. हा वास कसला येतोय?" हसून हसून इरफानभाईंना ठसका लागला.

काकूंचाही एक नियम होता. बाहेरून आलेल्यानं ओट्यावरच्या नळाला हातपाय धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. मग तो जावई असो नाहीतर कलेक्टर! गुरुवारी मोटर बंद, दुपारपर्यंत टाकी कोरडी, म्हणून त्या सकाळीच बादली भरून ठेवायच्या.

*

आता हसण्यासारखं नाही ते सांगते. नवनाथ एका गुरुवारी आला नाही. शिफ्ट असेल म्हणून आम्ही वाटी झाकली आणि खेळलो. त्याची गाडी भीमेच्या पुलाजवळ सापडली. स्टँडवर लावलेली, हँडल लॉक केलेलं. पाणबुडे आणले, पोलीस आले, पेपरात फोटो दिला. तो काही सापडला नाही. जिवंत नाही आणि मेलेलाही नाही.

त्यानंतर कित्येक महिने आम्ही बसलोच नाही. मग विकासचाच फोन आला. "या की गुरुवारी. लई शांत झालंय घर."

आम्ही गेलो. नवनाथच्या जागेवर वाटी होती तशीच, पालथी. विकास म्हणाला, "त्याचा माणूस झोपलाय. नियम त्योच."

काकूंनी चहा आणला. पाच कप. आम्ही माणसं चार. पुढंही दर गुरुवारी पाचच कप येत राहिले.

*

मग सुरू झालं. पहिला प्रकार जाड्या पुस्तकाच्या खेळातला. लढाई आली की ज्यानं त्यानं फासा टाकून आपला आकडा मोठ्यानं सांगायचा. ज्याचा मोठा तो पहिला. इरफानभाई मान खाली घालून खडूनं पाटीवर आकडे मांडत होते.

"चला. सतरावाला पयला. बोल, काय करतो?"

माझे नऊ होते, प्राजक्ताचे बारा, विकासचे चार.

"सतरा कुणाचं?" मी विचारलं.

"अहो तुमच्यातलंच कुणीतरी बोललं ना? ऐकलं म्हणून लिहिलं."

आणि गंमत अशी, की ऐकलं आम्ही सगळ्यांनीच होतं. मला वाटलं विकास बोलला, विकासला वाटलं भाई बोलले. प्राजक्ताचा चेहरा पांढराफटक! इरफानभाईंनी सतरा पुसले. मग परत लिहिले.

"असू दे," ते म्हणाले. "नंबर लागलाय त्याचा, आपण कोण पुसणार?"

*

त्यानंतर प्राजक्ताला निमित्तच मिळालं. "बघा, तुमचे आकडेच भुताचे आहेत, पातळ पुस्तकाचा खेळ खेळू." तो खेळायला लागलो. त्यात सगळं दिसण्यावर. विकासनं एवढंच विचारलं, "ह्यात झोपलेल्याचं काय?"

"तोच नियम," मी म्हटलं.

तळावर संध्याकाळ झाली होती, म्हणजे गोष्टीत. बाहेर चांगलं रणरणतं ऊन होतं. जो तो आपल्याला काय दिसतंय ते सांगत होता. प्राजक्ता म्हणाली, "शेकोटी विझत आलीये. घोडं फुरफुरतंय. वाटाड्यानं कूस बदलली."

विकास ताडकन उठला. "कुणी सांगितलं तुला त्याचं बोलायला?"

"मी नाही रे सांगितलं," प्राजक्ता रडकुंडीला आली. "मला तसं दिसलं."

मला भयंकर राग आला. म्हटलं, काय भोंगळ खेळ आहे हा! कशाला पुरावा नको? मी सरळ वाटी उचलली. नवनाथचा वीस बाजूंचा फासा, तो आला नाही त्या गुरुवारी, मी स्वतः झाकून ठेवला होता, एकचा आकडा वर करून. क्वालिटीची सवय, काही ठेवलं की बघून ठेवते. आता वर वीस होते.

काकूंना विचारलं, "काकू, झाडताना वाटी हलली का हो?"

"न्हाई बाई. मी न्हाई हात लावत. त्याची वस्तू हाय, त्यो लावंल."

*

दसऱ्याला विकासची शेड फुलांनी भरलेली, म्हणून एका गुरुवारी आमच्या कारेगावच्या खोलीवर बसलो. खोली केवढी? दोन गाद्या आणि एक गॅस. विकास वाटी आणि फासा पिशवीतून घेऊन आला होता. दाटीवाटीनं बसून खेळलो, संध्याकाळी मंडळी गेली.

वरच्या खोलीत बिहारचे एक वेल्डर राहायचे, मिश्राजी. सज्जन माणूस, दोन पोरींचा बाप. जिन्यात भेटले.

"मॅडम, आपके मेहमान चले गए? एक भैया तो पूरी दोपहर सीढ़ी पर ही बैठे रहे."

"कोण भैया?"

"दुबले-से. पैर भीगे थे. मैंने कहा, अंदर जाइए, इतनी धूप है. बोले, अभी मेरी बारी नहीं आई."

त्या रात्री मी आणि प्राजक्ता एकाच गादीवर झोपलो. विकासला हे सांगायचं नाही असं आमचं ठरलं. सांगून काय करणार? त्याच्या जिवाला आणखी एक घोर.

*

आणि आता शेवटचं. हे मी सहसा सांगत नाही.

आप्पांनी ठरवलं, नवनाथचे विधी करून टाकायचे. दर्भाचा पुतळा करून, नदीवर. "किती दीस टांगून ठेवायचं पोराला?" असं त्यांचं म्हणणं. चूक तरी कसं म्हणावं? आप्पा निम्मे झाले होते. काकू म्हणाल्या, "पुतळ्याला आग लावाल तर मी बी त्याच नदीत जाईन." दोघं एकमेकांशी बोलेनात. अग्नी देणार विकास, त्यामुळं सगळं त्याच्यावर येऊन थांबलं. त्यानं हो म्हटलं तर आई जाते, नाही म्हटलं तर बाप झुरतो. भटजींना शुक्रवार सांगून ठेवलेला.

गुरुवारी विकासनं आम्हाला बोलावलं. मी ओट्यावर हात धुवायला गेले, नळ सोडला तर नुसता फुस्स करून वारा आला. बादलीतलं पाणी घेतलं. आप्पा तिथंच पायरीवर बसले होते, खांद्यावर टॉवेल, नजर खाली.

आत विकासनं पुस्तक काढलंच नाही. ना जाडं ना पातळ. "आज मला एकच करायचंय," तो म्हणाला. "वाटाड्याला उठवायचंय."

"नियम न्हाई तसा," इरफानभाई हळूच म्हणाले.

"ठावं हाय. त्यानंच केलाय नियम. पर भाई, मी उद्या त्याला अग्नी देणार हाय. झोपलेल्या माणसाला कसा देऊ? एकदा हाक मारून बघतो. न्हाई उठला, तर त्यो गेला. मग मी उद्या मोकळ्या मनानं जाईन."

नेहमी नियमांवरून भांडणारी मी, पण तेव्हा मीच म्हटलं, "करा सुरू, भाई." इरफानभाईंनी मान हलवली आणि गोष्ट सुरू केली. आवाज बसला होता त्यांचा. "पहाट झालीय. तळावर धुकं हाय. पहारेकरी वाटाड्याच्या उशाशी येतो."

विकासनं वाटी उचलली. फासा तळहातावर घेतला. "नवनाथ," त्यानं हाक मारली. खेळातलं नाव नाही, घरचं. "ऊठ रं. उजाडलं."

काही नाही. शेवंतीच्या ढिगावर एक माशी घोंघावत होती.

"नवनाथ, ऊठ. आई वाट बघती."

काही नाही. प्राजक्तानं माझा हात घट्ट धरला.

"नाथा..." विकासचा आवाज फाटला. "ऊठ की रं, बाळा."

त्यानं वाट पाहिली. मग फासा हळूच जमिनीवर ठेवला, आणि तोंड ओंजळीत लपवलं. इरफानभाईंचे डोळे भरले होते. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. आमच्या खेळातलं त्यांना कधी काही कळलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. त्यांनी सगळ्यांपुढं कप ठेवले. पाचवा कप नवनाथच्या जागेवर ठेवला आणि विकासच्या डोक्यावरून हात फिरवला.

"वरडतो कशाला एवढा?" त्या म्हणाल्या. "उठलाय त्यो. हातपाय धुतोय."

आणि बाहेर ओट्यावर नळाचं पाणी पडत होतं. धो धो, टाकी भरलेली असावी तसं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मग नळ बंद केल्याची चीक आली.

विकास धावत बाहेर गेला, त्याच्या मागून आम्ही. ओटा सगळा ओला होता. आप्पा पायरीवरून उठून उभे राहिले होते. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी दोन्ही हातांनी समोर धरला होता, घरात आलेल्या माणसाला पुसायला देतात तसा. टॉवेल ओला होता.

त्यांनी आमच्याकडं बघितलंच नाही.

"विकास," ते म्हणाले, "भटजींना फोन कर. येऊ नका म्हणावं."