हळू हाक मारा

लातूरला क्लासच्या गल्लीत माझं हेडफोनचं दुकान आहे. गिऱ्हाईक रंग बघतं, आवाज बघतं. परवा आलेला पन्नाशीचा एक माणूस मात्र प्रत्येक हेडफोन लावून, गाणं सुरू करून माझ्याकडे पाठ करायचा आणि म्हणायचा, "हळू हाक मारा."

चार हेडफोनांत त्याला माझी हाक पोचलीच नाही. पाचवा कानाच्या पाळीला चिमट्यासारखा अडकणारा होता. मी "मामा" म्हटलं, तसा तो वळला.

"ह्योच द्या, लेकीला. भूकंप झाला तवा मी अंगणात झोपलो होतो, कानात वॉकमन. घर पडायच्या आधी आतून आई हाका मारायली होती म्हणतेत."

दारापर्यंत जाऊन तो परत आला.

"पोरगी होस्टेलला चौथ्या मजल्यावर हाय. खालून हाक मारली तर ऐकू जाईल ना?"